साडेसहा टीएमसीची परतफेड : मुंढवा जॅकवेल आणि पुण्याच्या पुनर्वापराच्या पाण्याचे अर्थकारण

मुंढव्याला मुळा-मुठेच्या काठी पुणे महापालिकेचे एक जॅकवेल आहे. नदीतले पाणी पंपाने उचलायचे आणि मोठ्या जलवाहिनीतून साडेसतरा नळी या गावापाशी जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे हवेली-दौंडकडे ज्याला सगळे ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात त्यात सोडायचे, एवढेच त्याचे काम. पण या साध्या दिसणाऱ्या कामावर शहर आणि सिंचन यांच्यातला एक मोठा व्यवहार उभा आहे. खडकवासला प्रकल्पातून शहराने वर्षाला साडेअकरा टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी घ्यावे आणि त्या बदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला परत द्यावे, असा महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यातला करार होता, आणि ती परतफेड करता यावी म्हणून महापालिकेने सुमारे १०० कोटी रुपये खर्चून ही योजना बांधली. देशातल्या फार थोड्या शहरांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर पाण्याची अशी अदलाबदल लिखित स्वरूपात मान्य केली आहे. योजना उभी राहिली, पंपही चालू झाले, तरी हा व्यवहार ना शेतकऱ्याला पटला, ना जलसंपदा विभागाचे समाधान झाले, ना महापालिकेचा पाणीकोटा त्यामुळे वाढला. असे का झाले, आणि पुनर्वापराचे पाणी खरोखर वाढवायचे असेल तर त्याचा पैसा कोणी, कशाच्या बदल्यात द्यायचा, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यातही एकट्या खडकवासल्यात दोन टीएमसीहून कमी पाणी मावते, खरा साठा वरसगाव आणि पानशेत यांच्यातच. या साठ्यावर शहराची तहान आणि हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांची शेती असे दोन दावे आहेत. शहराची हद्द २०१७ मध्ये ११ गावांनी आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांनी वाढली. जानेवारी २०२१ पासून भामा आसखेडचे पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले, पण तेवढ्याने खडकवासल्यावरचा भार हलका झाला नाही. शहराचा प्रत्यक्ष उपसा कराराच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त राहिला आणि दर उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तोच वाद नव्याने सुरू होऊ लागला. इंदापूरचा प्रतिनिधी उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्यातून ठराविक दिवस सोडले जाणारे पाणी, मागतो, पुण्याचा प्रतिनिधी पाणीकपातीची भीती सांगतो, आणि मुंढव्यातून किती पाणी सोडले या आकड्यावर दोघांचे एकमत होत नाही.

आता तो आकडाच तपासू. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटरहून थोडे जास्त. साडेसहा टीएमसी वर्षभराच्या ३६५ दिवसांवर वाटले, तर रोजचे सुमारे ५०४ दशलक्ष लिटर होतात. नवी केंद्रे हाती घेण्याआधी शहरातल्या नऊ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची एकत्रित क्षमता होती रोज ४७७ दशलक्ष लिटर. म्हणजे भैरोबा, नायडू, एरंडवणे, तानाजीवाडी, बोपोडी, मुंढवा, विठ्ठलवाडी, खराडी आणि बाणेर ही सगळी केंद्रे एक दिवसही बंद न पडता पूर्ण क्षमतेने चालली असती, तरी कबूल केलेले पाणी प्रक्रिया करून देणे शक्य नव्हते. करारावर सह्या करणाऱ्या दोन्ही बाजूंना हा गुणाकार येत नव्हता असे मानणे कठीण आहे. मग उरलेले पाणी कुठून येणार होते, याचे उत्तर नदीच्या पात्रात आहे. जॅकवेल एखाद्या शुद्धीकरण केंद्राच्या मुखाशी जोडलेले नाही. ते बंधाऱ्याने अडवलेले नदीचे पाणी उचलते, आणि त्या पाण्यात प्रक्रिया झालेले, अर्धवट झालेले आणि नाल्यांतून थेट आलेले असे सगळेच असते. करारात ‘प्रक्रिया केलेले पाणी’ असे शब्द असले, तरी पाणी मोजायची सोय केली ती घनफुटांची. प्रतीच्या मोजमापावर ना बिल ठरत होते, ना कोट्यातले पाणी कमी-जास्त होत होते.

या हिशोबाची आणखी एक बाजू क्वचितच चर्चेत येते. शहराचे सांडपाणी रोज येते, सणावाराला थोडे जास्तच येते. शेतीला पाणी लागते ते आवर्तनात. पावसाळ्याचे चार महिने कालव्याला मागणी नसेल, तर तेच साडेसहा टीएमसी उरलेल्या आठ महिन्यांत द्यावे लागेल, आणि मग रोजचा आकडा ७५० दशलक्ष लिटरच्या वर जातो. शहराला साडेअकरा टीएमसी, म्हणजे रोज सुमारे ८९२ दशलक्ष लिटर पाणी मिळते असे धरले आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी होते हे नेहमीचे गणित लावले, तर एकूण सांडपाणीच ७१४ दशलक्ष लिटरच्या आसपास येते. वाटेत साठवणीची सोय केल्याशिवाय ही परतफेड बारमाही होऊच शकत नव्हती, आणि योजनेत साठवण नव्हती.

बेबी कॅनॉलच्या काठाने लोणी काळभोरवरून उरुळी कांचनकडे गेले, की हिशोबातली ही फट डोळ्यांना दिसते आणि नाकालाही कळते. पाणी काळपट, ते उंचावरून पडते तिथे पांढरा फेस, कडेला जलपर्णीचा पट्टा. कालव्यात फुटव्हॉल्व्ह सोडून मोटर लावली, तर ठिबकच्या गाळणीची जाळी थोड्याच वेळात बुळबुळीत थराने बुजते; ती काढायची, ब्रशने घासायची, पुन्हा बसवायची, आणि तोवर ठिबकच्या नळीच्या टोकाचे ड्रीपर बंद पडलेले असतात. म्हणून अनेक जण ठिबक सोडून पाटाने पाणी देतात, म्हणजे ज्या पाण्याची बचत करायची त्याचाच वापर वाढतो. ऊस हे पाणी सोसतो, पालेभाजीच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे, कारण ती दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डातून परत शहराच्याच ताटात येते. जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, होण्याची भीती, विहिरींच्या पाण्याला येणारा वास, पाण्यात उभे राहून काम केल्यावर पायांना सुटणारी खाज, या तक्रारी या पट्ट्यात नव्या नाहीत. मला यात सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते ती अशी, की या अदलाबदलीत खराब पाणी ज्यांच्या वाट्याला येते आणि वाचलेले धरणाचे पाणी ज्यांच्या वाट्याला जाते, ते शेतकरी एक नव्हेत. बेबी कॅनॉलवर हवेली आणि दौंडचा वरचा भाग भिजतो. मुंढव्यामुळे धरणात जे पाणी वाचते, ते नव्या मुठा उजव्या कालव्याच्या पुच्छभागाला, म्हणजे इंदापूरकडे जाऊ शकते, किंवा शहरातच राहते. एकाने तोटा सोसायचा आणि फायदा दुसऱ्या दोघांनी वाटून घ्यायचा, अशा व्यवहाराला सहकार्य म्हणता येत नाही.

मुंढव्याच्या पाण्याची प्रत पुणे महापालिकेच्या एकटीच्या हातात नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पवना दापोडीला मुळेला मिळते आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी घेऊन येते. मुळेच्या काठी खडकीचे कटक मंडळ आहे. संगम पुलापाशी मुळा आणि मुठा एकत्र होतात, आणि त्यानंतर काही किलोमीटरवर मुंढव्याचा बंधारा लागतो. हद्दीबाहेरच्या वाढत्या वस्त्या पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. इतक्या संस्थांचे पाणी एका बंधाऱ्यात गोळा होते, पण करारावर सह्या मात्र दोघांच्याच. दौंडच्या शेतकऱ्याने तक्रार करायची तर महापालिका नदीकडे बोट दाखवते, जलसंपदा विभाग महापालिकेकडे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ नोटीस काढते.

पैशाची बाजू पाहिली, की गुंता कुठे बसला आहे ते स्पष्ट होते. शुद्धीकरण वाढवण्यासाठी पुण्याला मिळालेला सर्वांत मोठा निधी जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून आला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मुळा-मुठेचा ९९०.२६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. त्यातले ८५ टक्के म्हणजे ८४१.७२ कोटी केंद्राने द्यायचे, उरलेले १४८.५४ कोटी महापालिकेने घालायचे, आणि जपानचे कर्ज फेडण्याची जबाबदारी केंद्राची. एखाद्या शहराला यापेक्षा स्वस्त पैसा क्वचितच मिळतो. या पैशातून ११ नवी केंद्रे, ३९६ दशलक्ष लिटरची जादा क्षमता आणि सुमारे ११३ किलोमीटरच्या मैलावाहिन्या व्हायच्या होत्या, आणि हे सगळे जानेवारी २०२२ पर्यंत. प्रत्यक्षात निविदा चढ्या दराने आल्या, रद्द झाल्या, पुन्हा काढाव्या लागल्या, आणि पायाभरणी झाली ६ मार्च २०२२ रोजी, म्हणजे मूळ मुदत उलटून गेल्यावर. या विलंबाची किंमत जेवढी महापालिकेने मोजली तेवढीच बेबी कॅनॉलवरच्या शेतकऱ्याने मोजली, पण त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रकल्प नदी स्वच्छ करण्यासाठी होता, पुनर्वापरासाठी नव्हता. केंद्रातून निघालेले पाणी कोणाला, कोणत्या वाहिनीने, कोणत्या दराने द्यायचे, तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे नेहमीच्या शुद्धीकरणानंतरची जादा प्रक्रिया करायची की नाही, पंपांचे वीजबिल कोणी भरायचे, हे त्याच्या कक्षेत नव्हते. मुंढव्याचे १०० कोटी एका खिशातून गेले, जायकाचे ९९० कोटी दुसऱ्या, आणि कालव्याची दुरुस्ती जलसंपदा विभागाच्या तिसऱ्या. तिन्ही कामे एकाच पाण्याची असूनही त्यांचा एकत्रित आराखडा कोणाच्या टेबलावर नव्हता. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत सुमारे २८ किलोमीटरच्या बोगद्याचा विषय पुढे आला आहे, ज्यातून कालव्यातली गळती आणि बाष्पीभवन थांबून दोन-अडीच टीएमसी पाणी वाचेल अशी अपेक्षा आहे. तोही चौथा खिसा होणार, असे दिसते.

इतर शहरांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहताना एक फरक डोळ्यांआड करू नये. नागपूरला कोराडीचे औष्णिक वीज केंद्र आहे. २००८ मध्ये नागपूर महापालिकेने महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी करार केला आणि भांडेवाडीतून रोज १३० दशलक्ष लिटर पाण्याची व्यवस्था उभी राहिली. भांडवलाचा मोठा वाटा केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून आला, उरलेला महानिर्मितीने घातला, आणि मूळ करारानुसार महापालिकेला वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये मिळू लागले. औष्णिक केंद्राने ५० किलोमीटरच्या आतल्या शुद्धीकरण केंद्राचे पाणी वापरले पाहिजे, हे केंद्राच्या वीजदर धोरणात २०१६ मध्ये आले, नागपूर त्याच्या आठ वर्षे आधी तिथे पोहोचले होते. सुरतेने २०१४ मध्ये पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यांसाठी ४० दशलक्ष लिटरचा तृतीय प्रक्रिया प्रकल्प सुरू केला. चेन्नईने कोडुंगैयूर आणि कोयंबेडू येथे प्रत्येकी ४५ दशलक्ष लिटरचे प्रकल्प २०१९ मध्ये उद्योगांसाठी चालू केले. या तिन्ही ठिकाणी पाणी घेणारा गिऱ्हाईक रोख पैसे देतो, त्यामुळे प्रत सांभाळावीच लागते, नाहीतर बिल थांबते.

पुण्याजवळ कोराडी नाही. बांधकामांना प्रक्रिया केलेलेच पाणी वापरण्याचे बंधन महापालिकेने घातले आहे आणि केंद्रांवर टँकर भरूनही जातात, पण दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ५०० दशलक्ष लिटरसाठी रोज ५० हजार टँकर लागतील, त्यामुळे तो मार्ग पूरकच राहणार. पुण्याचे मोठे गिऱ्हाईक एकच आहे, सिंचन, आणि ते किंमत रुपयांत देत नाही, धरणातल्या पाण्यात देते. पुण्याच्या पुनर्वापराचे सगळे अर्थकारण या एका वाक्यात आहे, आणि आजवरच्या कोणत्याही नियोजनात ते रुपयांत मांडले गेलेले नाही.

या दृष्टीने बंगळूर-कोलारचे उदाहरण पुण्याला नागपूरपेक्षा जवळचे आहे. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले ४४० दशलक्ष लिटर पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते. शहराचे पाणीपुरवठा मंडळ प्रक्रिया करते, वाहून नेण्याचा आणि उपशाचा खर्च कर्नाटक सरकारचे लघु पाटबंधारे खाते करते. पाणी थेट पिकाला द्यायचे नाही, तलाव भरायचे आणि भूजल वाढू द्यायचे, हे तत्त्व तिथे ठरले. प्रक्रिया पुरेशी आहे का, यावर तिथेही कोर्टकचेरी झाली, आणि ती शंका रास्तच होती. तरी खर्च कोणाचा आणि साठवण कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी आधी दिली, पुण्याने दिलीच नाहीत.

दुसरे उदाहरण लांबचे, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचे. तिथे भूजल सांभाळणारी संस्था वेगळी आणि सांडपाणी पाहणारी वेगळी. सांडपाणी संस्थेला समुद्रात पाणी सोडण्यासाठी दुसरी मोठी वाहिनी टाकावी लागणार होती. पुनर्वापर प्रकल्प झाला तर ती वाहिनी टाळता येईल हे दिसल्यावर तिने पहिल्या टप्प्याच्या बांधकामाचा निम्मा खर्च उचलला. २००८ मध्ये रोज २६५ दशलक्ष लिटरने सुरू झालेला तो प्रकल्प दोनदा वाढून २०२३ मध्ये ४९२ वर गेला, म्हणजे जवळपास आपल्या साडेसहा टीएमसीएवढा. तिथले तंत्रज्ञान पुण्याला लागू नाही, तिथे पाणी पिण्यायोग्य करून भूगर्भात सोडतात. वाटणीचे तत्त्व मात्र उचलण्यासारखे आहे : टळलेला खर्च हाच वर्गणीचा आधार.

ते पुण्याला लावून पाहू. मुंढव्याच्या वरच्या अंगाला, उजव्या काठावर नायडू, भैरोबा आणि मुंढवा अशी तीन केंद्रे आहेत. जुनी आणि जायकाची नवी क्षमता मिळून नायडू २४२, भैरोबा २०५ आणि मुंढवा ६५, एकूण ५१२ दशलक्ष लिटर. कबूल केलेल्या ५०४ दशलक्ष लिटरला हे जवळजवळ तंतोतंत जुळते. या तीन केंद्रांचे पाणी नदीत न सोडता बंद वाहिनीने थेट साडेसतरा नळीला नेले, तर जॅकवेलमध्ये नाल्याचे पाणी येण्याचा प्रश्नच उरत नाही, पिंपरी-चिंचवडच्या वाट्याचा दोष पुण्याच्या माथी येत नाही, आणि प्रत कुठे मोजायची याचा घोळ मिटतो. हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे मोजमाप) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा निकष सांगितला आहे. जुन्या केंद्रांना तो गाठायचा तर सुधारणा करावी लागेल, आणि गाळण व निर्जंतुकीकरणाचा टप्पा जोडावा लागेल. कोणतेही केंद्र सदासर्वकाळ पूर्ण क्षमतेने चालत नाही, म्हणून वचन साडेसहाचे न देता पाचाचे द्यावे आणि ते पाळावे, असे माझे मत आहे.

भांडवल उभे करण्याचा मार्ग पुण्याने स्वतःच एकदा चोखाळला आहे. जून २०१७ मध्ये महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटींचे रोखे काढले. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले, तेही नेमके साहिबाबादच्या उद्योगांना द्यायच्या तृतीय प्रक्रियेच्या पाण्यासाठी. पुण्याच्या २०० कोटींचे वर्षाचे व्याज होते १५ कोटी १८ लाख, म्हणजे नागपूरला कोराडीकडून मिळणाऱ्या रकमेएवढे. नागपूरकडे ते भरायला गिऱ्हाईक आहे, पुण्याला ते कराराने निर्माण करावे लागेल. प्रक्रिया केलेले प्रमाणित पाणी जेवढे कालव्यात पडेल, तेवढ्या प्रमाणात धरणातला जादा हक्क शहराला मिळेल आणि तेवढ्या जादा उपशाबद्दल दंडाची आकारणी होणार नाही, असे कलम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या मान्यतेने आले, तर मुंढव्याच्या प्रत्येक टीएमसीला रुपयांत किंमत येते. ती किंमत आली की रोख्यांना आधार मिळतो. प्रत घसरली तर तो हक्क आपोआप कमी व्हावा, आणि हवेली-दौंडच्या पाणीवापर संस्थांना नमुना तपासण्याचा अधिकार त्याच कलमात असावा. वाहून नेण्याच्या विजेचा खर्च कोलारप्रमाणे सिंचन खात्याने घ्यावा, कारण वाचलेल्या पाण्याचा एक वाटा इंदापूरला जातो आणि त्याची पाणीपट्टी तेच खाते घेते. साठवणीसाठी बेबी कॅनॉलच्या बाजूचे गावतलाव आणि पाझर तलाव पावसाळ्यानंतर भरून घेता येतील, ज्यातून पाणी पिकाला थेट न जाता विहिरीवाटे जाईल.

या मांडणीत एक पक्ष अजून बाहेरच आहे. मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. पुण्याचे सांडपाणी उजनीत येते ही सोलापूरकरांची जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. पण तीन केंद्रांचे पाणी नदीतून काढून कालव्यात घातले, तर उजनीत येणारा तेवढा प्रवाहही कमी होईल. ११७ टीएमसीच्या धरणात पाच टीएमसी किरकोळ वाटतात, मात्र त्या साठ्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा, म्हणजे एरवी वापरता न येणारे तळाचे पाणी आहे, आणि उजनी उणे पातळीत, म्हणजे त्या मृतसाठ्यात गेलेल्या उन्हाळ्यात सोलापूर शहराला हेच पाणी मोजून मिळते. पुनर्वापराने नवे पाणी तयार होत नाही, खाली जाणारे पाणी वर अडवले जाते. तेव्हा पुढच्या करारावर पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जलसंपदा विभाग यांच्या जोडीला सोलापूरची सही लागेल. पावसाळ्यातले चार महिने हे पाणी कालव्यात न घेता उजनीकडेच सोडायचे, असे ठरले तर ती सही मिळवणे अवघड नाही, कारण तेव्हा कालव्याला तसेही ते नको असते.